दुसऱ्यांदा कसायचा तंग

आमच्या हाल्डेनरोडे गावात माणूस गेला की त्याचं जीवनवृत्त घरच्यांनी लिहायचं आणि पाळकसाहेबांनी शवपेटीसमोर उभं राहून ते मोठ्याने वाचायचं, अशी रीत आहे. कोळसेवाल्याचं वाचतात, सुईणीचं वाचतात, राजाचंही वाचतात. मोठ्याचं मोठं, लहानाचं लहान. त्यात खोटं लिहायचं नाही, कारण ऐकणाऱ्यांत पहिला देव असतो, असं आई सांगायची.

माझा भाऊ योस्ट केरर ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी गेला. मी माझ्या रोजनिशीतून उतरवून त्याचं जीवनवृत्त लिहिलं. नऊ पानं झाली. बुधवारी दिली, गुरुवारी परत आली. नऊही पानांवर तांबड्या शाईची तिरकी रेघ, आणि खाली पाळकसाहेबांच्या सुंदर अक्षरात चार वाक्यं:

"जन्म पागेत. प्रिन्स लुडोल्फ यांचा मोतद्दार म्हणून दीर्घ सेवा. धन्याच्या कृपेने मिळालेल्या घरात शांतपणे देवाघरी गेला. देव त्याच्या चुका पोटात घालो."

'चुका' हा शब्द वाचला आणि कणकेचे हात तसेच ठेवून मी घराबाहेर पडले. आता सगळं होऊन महिना झाला, तरी राग उतरलेला नाही. रोज गुडघे टेकते आणि राग काढून घे म्हणते, आणि उठते ती रागातच उठते. म्हणून सगळं सलग लिहून ठेवते आहे.

योस्ट जन्मला त्याच हिवाळ्यात वर गढीवर प्रिन्स लुडोल्फ जन्मले. धाकटे चिरंजीव. थोरल्याला गादी आणि धाकट्याला घोडा, अशी त्या घराण्याची वाटणी. आमचे वडील गढीच्या पागेचे मुख्य. प्रिन्सना पाचव्या वर्षी तट्टावर बसवलं तेव्हा तट्टाचा दोर योस्टच्या हातात होता. प्रिन्स पडले की मार योस्टला. कारण प्रिन्सना मारता येत नव्हतं आणि तट्टाला मारून उपयोग नव्हता. वडिलांच्या पट्ट्याखाली योस्ट ओरडायचा नाही. ते बघून आई म्हणायची, "हे पोर फार सोसतं. सोसणाऱ्याच्या पाठीवर लोक ओझं ठेवत राहतात."

सतराव्या वर्षी प्रिन्स घोडदळात गेले, मागोमाग योस्ट. प्रिन्स चाळिशी गाठायच्या आत सेनापती झाले. खोटं कशाला लिहू, स्वार म्हणून त्यांच्या तोडीचा माणूस आसपास नव्हता. आणि एकदा कडाक्याच्या थंडीत सरावाला गेले असता त्यांनी स्वतःचा कोट काढून योस्टच्या अंगावर टाकला होता. तो कोट योस्टने मरेपर्यंत जपला. पण एक कोट दिला म्हणून माणसाची अब्रू घ्यायची परवानगी मिळते, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

प्रिन्सची पांढरी घोडी होती, श्वाल्बे. पाकोळीचंच नाव ते, आणि तशीच होती. दाणे योस्टच्या हातून खायची, दुसऱ्या कुणी तोबरा बांधला तर मान झटकून पाडायची. तिची एक खोड होती. खोगीर चढवताना पोट फुगवून धरायची. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, कितीही आवळा, शंभर पावलं चालली की श्वास सोडणार आणि पट्टा दोन बोटं सैल. पुष्कळ घोडी असं करतात. म्हणून तंग दोनदा कसायचा. दुसऱ्यांदा कसताना स्वार वर बसलेला असतो. त्याने पाय उचलून पुढे घ्यायचा, मोतद्दाराने खालून पट्टा ओढायचा. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. योस्ट म्हणायचा, "पहिला तंग घोड्यासाठी, दुसरा स्वारासाठी."

दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. प्रिन्सच्या पलटणीत अर्धेअधिक आमच्या खोऱ्यातले. शत्रूवर घोडे घातले की त्या धावणीत धूळ इतकी उडते की हुकूम ऐकू येत नाही, कर्णा ऐकू येत नाही. म्हणून प्रिन्सनी सहा वर्षं त्यांच्या डोक्यात एकच भरलं होतं: "माझ्या घोडीचं शेपूट बघा. ते वळेल तिथे वळा." गावातले स्वार सुट्टीवर आले की मिशीला पीळ देऊन सांगायचे, बाकीच्या पलटणी कर्णा ऐकतात, आम्ही शेपूट बघतो. आम्ही बायका हसायचो. आता नाही हसत.

अठराशे सत्तर सालचा ऑगस्ट. फ्रान्समध्ये कुठल्याशा गावाबाहेर पलटण उभी होती. समोर चर, डावीकडे हिरवं दिसणारं कुरण. ते कुरण नव्हतं, वरून गवत आणि खालून चिखल. कुरणापलीकडे वाळुंजाच्या झाडांची रांग, तिथे पर्यायी घोडा घेऊन योस्टने थांबायचं, असं ठरलं होतं. सरळ मधून रस्ता नाही, लांबून वळसा घालून जायचं. निघण्याआधी तो श्वाल्बेपाशी गेला. प्रिन्स वर बसलेले. शेजारी राजाचा कुणी मोठा अधिकारी घोड्यावर.

"सरकार, पाय," योस्ट म्हणाला.

"राहू दे."

"सरकार, सैल झालाय. क्षणभर पाय पुढे घ्यावा."

प्रिन्सचा डावा पाय त्या उन्हाळ्यात संधिवाताने धरला होता. तो उचलायचा म्हणजे चेहरा वाकडा व्हायचा, आणि तो चेहरा राजाच्या माणसाला दिसला असता. योस्टने पट्ट्याला हात घातला. प्रिन्सनी त्याच्या बोटांवर चाबूक ओढला.

"केरर, आपल्या जागेवर जा."

तो गेला. धावणी सुरू झाली. पहिल्याच चराला खोगीर फिरलं आणि सेनापती गवतात. गळ्याजवळचं एक हाड मोडलं, बाकी काही नाही. श्वाल्बे मात्र पडली नाही. पोटाखाली खोगीर लोंबकळत, भेदरलेली. भेदरलेलं जनावर जिथे दाणे मिळतात तिथे धावतं. ती डावीकडे वळली आणि वाळुंजांखाली उभ्या असलेल्या योस्टकडे निघाली. मागच्या धुळीत आमच्या गावच्या पोरांना पाठीवर माणूस आहे की नाही हे दिसलं नाही. शेपूट दिसलं. शेपूट वळलं, ते वळले. श्वाल्बे एकटी, हलकी, चिखलातून निघून गेली. शस्त्रं लादलेले घोडे छातीपर्यंत रुतले. समोरच्या टेकडीवरून फ्रेंचांनी सावकाश नेम धरले.

एकट्या हाल्डेनरोडेचे चौतीस.

चौकशी झाली. प्रिन्सनी एक वाक्य सांगितलं: मोतद्दाराने तंग नीट कसला नव्हता. मग योस्टला इस्पितळात खाटेपाशी बोलावून घेतलं.

"केरर, मी एका पायाने लंगडा होतो म्हणून चौतीस गेले, हे मी तुमच्या खोऱ्यात कसं सांगू? ती पोरं माझ्यावर विश्वास ठेवून मेली. तो विश्वास तरी राहू दे. तू हे सध्या वाहून ने. माझं जीवनवृत्त मी माझ्या हाताने लिहीन. त्यात खरं लिहीन. शवपेटीसमोर कोणी खोटं बोलत नाही."

आणि त्यांनी हात पुढे केला. आमच्याकडे हातात हात दिला की कागदाची गरज उरत नाही. योस्टने हात दिला. चाबकाने फुटलेली बोटं घेऊन दिला.

त्याला गढीच्या पायथ्याशी घर मिळालं, तीन सफरचंदाची झाडं असलेलं. त्या घरात त्याने बावीस वर्षं काढली.

कशी काढली तेही लिहिते. चर्चमध्ये तो बसला की बाकावरची माणसं घसरत घसरत दुसऱ्या टोकाला जायची. त्याच्या कुंपणावर कुणीतरी तुटका तंग टांगून ठेवायचं, दर ऑगस्टात, न चुकता. ओटीली ब्रुन्स आमची पाववाली. तिचा नवरा त्या चिखलात गेला. तेव्हापासून भट्टी तीच चालवते. तिने योस्टच्या हातात कधी पाव दिला नाही. खिडकी अर्धवट उघडायची, पाव बाहेरच्या कट्ट्यावर ठेवायचा आणि म्हणायचं, "उचल आणि चालू लाग." तो उचलायचा आणि म्हणायचा, "देव भलं करो." बावीस वर्षं! देवालाही कंटाळा आला असेल ते ऐकून.

आणि मी? मी सख्खी बहीण. मीसुद्धा एकदा विचारलं होतं, "योस्ट, खरं सांग, विसरला होतास का रे?" त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "दूध उतू जातंय तुझं," एवढंच म्हणाला. मी दूध उतरवलं आणि मनात धरलं की विसरलाच असेल बिचारा. हा राग मी कुणावर काढू? हा माझा मलाच गिळायचा आहे.

या वर्षी मार्चमध्ये प्रिन्स गेले. शवपेटीमागून सेनापतीचा रिकामा घोडा चालवत न्यायचा असतो. तो मान योस्टला मिळाला. गाव कुजबुजलं, प्रिन्सचं मन किती मोठं बघा. योस्ट त्या सकाळी दाढी करून, जुना कोट झटकून माझ्याकडे आला. चेहऱ्यावर तेज होतं. "आज ऐक हं नीट," म्हणाला. मला तेव्हा काही कळलं नाही.

तो घोड्याचा लगाम धरून चर्चच्या दारात उभा होता. दारं उघडी ठेवली होती. वाचन दीड तास चाललं. मग सत्तर सालचा ऑगस्ट आला. पाळकसाहेबांनी पान उलटलं आणि वाचलं: "मोतद्दाराच्या हलगर्जीमुळे तंग सुटला आणि विजय हातचा गेला. तरीही त्या माणसाला मी क्षमा केली व आश्रय दिला."

सगळं चर्च मागे वळलं. चारशे डोळे. मी बघितलं योस्टकडे. तो वाकला, रिकाम्या खोगिराखाली हात घातला आणि घोड्याचा तंग दुसऱ्यांदा कसला. मग सरळ उभा राहिला, आणि दफनभूमीपर्यंत एकही पाऊल न चुकता घोडा घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसून त्याने मला सगळं सांगितलं, वर लिहिलंय ते. मी ताट आपटलं. ते फुटलं. तो तुकडे गोळा करत म्हणाला, "डोर्टे, हात दिला होता त्यांनी."

"ज्याचा हात खोटा त्याला नरकातही कोणी हात देऊ नये!"

"असं बोलू नये. माझं तू लिही. खरं लिही. वाचलं तर बरं. नाही वाचलं तरी तू लिहिलंस एवढं मला पुरे."

"मला पुरे नाही," मी म्हटलं. "ते वाचलं जाईल. सगळ्या गावासमोर, मोठ्याने."

हे वचन मी दिलं, आणि मी प्रिन्स नाही.

तर त्या गुरुवारी मी पाळकसाहेबांच्या दारात उभी राहिले.

"चुका कोणत्या, ते सांगा आधी."

"डोर्टेबाई, आत या. बसा."

"बसायला नाही आले. तुम्ही प्रिन्सचं वाचलंत तेव्हा तांबडी शाई संपली होती का?"

ते लाल झाले. वाईट माणूस नाही ते, भित्रे आहेत. "त्यांच्याच हातचं होतं. मी अक्षर ओळखतो. दिलं ते वाचलं."

"मग माझ्या हातचं आहे, मी दिलंय, हेही वाचा."

"तुम्ही एका मृत प्रिन्सवर आरोप करता आहात. गढीचे कारभारी पहिल्या बाकावर बसतील." त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि जुनी कातडी बांधणीची वही उघडली. "जीवनवृत्तात कुणाला नाव घेऊन दोष दिला असेल, तर ते खरं असल्याची दोन घरधन्यांची सही लागते. आपल्या चर्चचा जुना नियम आहे. शनिवारी सकाळपर्यंत दोन सह्या आणा. मी घाबरट आहे, पण नियम मोडत नाही."

घरधनी म्हणजे ज्याच्या नावावर चूल. चूल नवऱ्याच्या नावावर असलेल्या बाईची सही चालत नाही, म्हणजे माझी नाही. मी पाच दारं ठोठावली. चांभार म्हणाला, मी तेव्हा तिथे नव्हतो. खानावळवाला म्हणाला, मी तिथे होतो म्हणून तर करणार नाही. बाकीच्यांनी दार उघडलं तेवढंच.

माझा नवरा हेनिंग खोगिरं शिवतो. जवळजवळ सगळं काम गढीचं. शुक्रवारी दुपारी तो जेवायला बसला. मसुराचं सूप, राईचा पाव. आमच्या घरी जेवणाआधीची प्रार्थना मी म्हणते, लग्न झाल्यापासून. त्या दिवशी मी हात जोडलेच नाहीत.

"आज तू म्हण," मी म्हटलं.

"मी?"

"तू घरधनी ना? म्हण."

त्याने डोळे मिटले. "हे प्रभू, खऱ्या कष्टाने मिळवलेलं हे अन्न..." आणि थांबला. पुन्हा सुरू केलं. "खऱ्या कष्टाने..." सूप निवलं. मग तो उठला आणि कामाच्या खोलीत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक पट्टा होता. तो त्याने माझ्या ताटाशेजारी ठेवला.

"हे काय?"

"तंग."

"तंग आहे ते मला दिसतंय. अठ्ठावीस वर्षं खोगीरवाल्याच्या घरात भांडी घासतेय. कुणाचा?"

"श्वाल्बेचा."

तो खाली बघत बोलत होता. युद्धानंतरच्या हिवाळ्यात प्रिन्स स्वतः काठी टेकत दुकानात आले होते, खोगीर दुरुस्तीला घेऊन. म्हणाले, नवा तंग लाव, जुना जाळून टाक, आत्ता, माझ्यासमोर. हेनिंगने तसाच दिसणारा दुसरा तुकडा शेगडीत टाकला.

"हे बघ," तो म्हणाला. "पाचवं भोक काळं पडलंय, घासून गुळगुळीत. योस्ट रोज तिथे आणायचा. आणि हे तिसरं. फाटलंय. त्या दिवशी बक्कल तिसऱ्यावर होतं. म्हणजे एकदाच कसलेला. दुसऱ्यांदा कसूच दिला नाही. नाहीतर स्वतः उठून जाळायला का आणतील? न बोलणारी वस्तू कोणी जाळत नाही."

"तू हे बावीस वर्षं खुंटीला टांगून ठेवलंस."

"हो."

"माझ्या भावाच्या कुंपणावर तुटके तंग लटकत होते, आणि खरा तंग माझ्याच घरात!"

"तुला सांगितलं असतं तर तू गप्प बसली असतीस का?"

"नसते!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

मला त्या क्षणी तो पट्टा उचलून त्याच्याच पाठीवर ओढावासा वाटला. देवाने हात धरला असेल माझा, दुसरं कोणी नव्हतं तिथे. "सही कर," मी म्हटलं.

"डोर्टे, गढीचं काम गेलं तर आपण खायचं काय?"

"बावीस वर्षं माझ्या भावाला खाल्लंस. अजून पोट भरलं नाही?"

शेगडीची हकिकत मी नवव्या पानावर जोडली आणि त्याने खाली सही केली. अक्षर स्वच्छ आलं. मग त्याने पाव तोडला आणि ठेवून दिला. आम्ही त्या दुपारी जेवलो नाही.

एक सही झाली. दुसऱ्या सहीसाठी कुठे जावं याचा विचार करत मी पट्टा गुंडाळला, आणि तेव्हा डोक्यात आलं. चूल जिच्या नावावर आहे अशी गावात एक बाई आहे.

ओटीली भट्टीपुढे होती. "पाव संपला," मला बघून म्हणाली.

"पाव नको. सही पाहिजे." मी कागद पुढे केले.

ती इतकी हसली की खोकला आला. "केररच्या पोरीला माझी सही! थांब, शेजारणींना हाक मारते, त्या का उपाशी राहाव्यात हसण्याविना?"

मी तंग तिच्या पिठाच्या फळीवर ठेवला. ओटीली गाडीवानाची मुलगी, तिला शिकवायला लागत नाही. तिने बोटाने भोकं मोजली.

"तिसरं. म्हणजे कसलाच नव्हता. अगं, पुरावा घेऊन आलीस की भावाची कबुली?"

"प्रिन्सनी कसू दिला नाही."

"मेलेल्यांना बोलता येत नाही म्हणून बरं चाललंय तुझं! माझा माणूस कंबरेइतक्या चिखलात मेला, डोर्टे. मला काय मिळालं? छापील पत्र. त्यात नावसुद्धा चुकीचं. आणि ज्याने मारला त्याला घर! अंगणासकट, सफरचंदाच्या झाडांसकट! मी रोज ती झाडं बघते. रोज विचारते, कशाबद्दल? कशाबद्दल दिलं त्याला घर?"

आणि ती थांबली. भट्टीत लाकूड तडकलं.

"कशाबद्दल दिलं गं?" हळू आवाजात तिने पुन्हा विचारलं. हा प्रश्न तिने बावीस वर्षं शिवीसारखा वापरला होता. उत्तर हवं म्हणून तो आज पहिल्यांदा विचारत होती.

मी सांगितलं. पाय, चाबूक, चर, खाट, हात. आणि तंग जाळायचा हुकूम.

"त्याच्या बोटांवर वण होता," मी म्हटलं.

"घोडा चावला म्हणायचा."

"घोडा चावला तर वण वाकडा येतो. चाबकाचा सरळ येतो, चारी बोटांवर एका रेघेत. मी परवा त्याला शेवटची आंघोळ घातली, तेव्हा नीट बघितलं."

"मी रोज बघितलाय," ओटीली म्हणाली. "चेहरा बघायचा नाही म्हणून खिडकी अर्धीच उघडायची. कट्ट्यावरून पाव उचलणारा हात तेवढा दिसायचा. एका रेघेत. हो. एका रेघेत."

तिने पिठाच्या बोटांनी लेखणी धरली. कागद पांढरा झाला, तरी सही उमटली. मग माझ्यावरच ओरडली, "आता जा इथून! पाव करपला माझा!"

शनिवारी चर्च भरलं होतं. माणसं रडायला आली नव्हती, मी काय लिहिलंय ते बघायला आली होती. पाळकसाहेबांनी नवव्या पानावरच्या दोन्ही सह्या दोनदा वाचल्या, तिसऱ्यांदा बघितलं, आणि सुरुवात केली. गढीचे कारभारी पहिल्या बाकावर, हातमोजे मांडीवर. सहावं पान आलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढला. त्यांनी पाणी मागितलं. मला वाटलं, गळाठले, आता पान उलटणार. मी बाकावरून अर्धी उठले. इतक्यात मागून ओटीली स्पष्ट म्हणाली, "आम्हाला घाई नाही."

त्यांनी वाचलं. चाबकासकट, पायासकट, शेगडीत टाकलेल्या खोट्या तुकड्यासकट. कारभारी उठले आणि बूट वाजवत बाहेर गेले. त्यांच्यामागून कोणीही गेलं नाही. नंतरचं स्तोत्र इतकं मोठ्याने म्हटलं गेलं की मला त्याचाही राग आला. योस्ट जिवंत असताना कुठे होते हे गळे?

कबरीवर मूठ मूठ माती टाकून झाल्यावर ओटीली माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. रडत नव्हती. तिचा चेहरा तव्यासारखा तापला होता.

"बावीस वर्षं शिव्या दिल्या मी त्याला," ती म्हणाली. "आता कुणाला देऊ?"

मी गढीकडे बोट दाखवलं. "फार लांब नाही. मोठ्याने दिल्यास तर पोचतील."

सोमवारी गढीवरून माणूस आला. अर्धवट शिवलेली सहा खोगिरं घेऊन गेला, आणि योस्टचं घर आठ दिवसांत रिकामं करायचा हुकूम ठेवून गेला. हेनिंग सध्या शेतकऱ्यांच्या बैलांची जोती शिवतो. जेवणाआधीची प्रार्थना आता तो म्हणतो, पूर्ण म्हणतो. मी त्याच्याशी अजून धड बोलत नाही. देवाशीही तोलूनच बोलते.

योस्टच्या घरातून मी फक्त तो कोट आणला. सफरचंदं ओटीलीने उतरवली, सगळी, एकसुद्धा गढीसाठी ठेवलं नाही. तंग घराच्या दर्शनी खिडकीत टांगला आहे, रस्त्यावरून दिसेल असा. येणारे-जाणारे थांबून भोकं मोजतात. मोजू देत.